धडधाकट गेले होते

१९९६ सालच्या जुलै महिन्यात आमच्या घरी एक इंग्रजी पत्र आले. पाऊस धो धो पडत होता. पोस्टमनने पाकीट भिजू नये म्हणून सदऱ्याच्या आत धरून आणले होते. आईने त्याला ओटीवर बसवून चहा दिला आणि पाकीट बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवले. आप्पांच्या पेन्शनची वाट पाहून सव्वा वर्ष झाले होते. हे पत्र पेन्शनचेच असणार, याविषयी घरात कुणालाच शंका नव्हती.

संध्याकाळी आई ते पाकीट घेऊन शाळेच्या गुरुजींकडे गेली. गुरुजींनी कंदिलाच्या उजेडात पत्र दोनदा वाचले. एका शब्दावर बोट ठेवून म्हणाले, “इथं कॉन्स्टिट्यूशनल असं लिहिलंय. कॉन्स्टिट्यूशन म्हणजे घटना.” आई म्हणाली, “गुरुजी, बाबासाहेबांच्या घटनेत ह्यांचा आजार कसा आला?” गुरुजींनाही उत्तर सुचेना. त्यांनी डिक्शनरी काढली. तेव्हा कळले की त्या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे. माणसाच्या शरीराची मूळची ठेवण, जन्माची प्रकृती. पत्राचे म्हणणे असे होते की आप्पांचा आजार त्यांच्या मूळ प्रकृतीचाच आहे, तो लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. सबब विकलांगता पेन्शन मंजूर करता येत नाही. हा निर्णय मान्य नसल्यास सहा महिन्यांच्या आत अपील करता येईल.

तेव्हा आम्ही तिघे भावंडे सात, पाच आणि दोन वर्षांचे होतो. आम्हांला आठवतो तो फक्त पाऊस. बाकीचे सारे आईच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की ते आता आमच्याच आठवणीतले झाले आहे.

आप्पा १९८६ साली फौजेत भरती झाले. आमचे गाव खेड तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. शेजारच्या दापोलीला पूर्वी फौजी पेन्शनरांची वस्ती असे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही फौजेतून निवृत्त झाल्यावर प्रथम दापोलीलाच येऊन राहिले होते. त्यामुळे आमच्या भागातल्या वस्त्यांत ‘पेन्शनर’ हा शब्द फार मानाचा. ज्या घरात पेन्शनर, त्या घरी पत्र वाचून घ्यायला आणि अर्ज लिहून घ्यायला चार माणसे यायची. आमच्या आजोबांची इच्छा होती की आपल्याही घरी एक पेन्शनर असावा. नांगराला एक बैल कमी पडला तरी चालेल, पण पोरगा फौजेत गेला पाहिजे, असे ते म्हणत.

भरतीच्या दिवशी आप्पा धावण्यात पुढच्या चारांत होते. मग उंची, वजन, छाती, डोळे, कान, दात, गुडघे असे सगळे तपासून झाले. छाती फुगवून पाच सेंटीमीटर वाढली पाहिजे होती, ती त्याहून जास्त वाढली. डॉक्टरांनी कागदावर सही केली. आप्पा सांगत, “इतकं तर बाजारात म्हशीलासुद्धा कुणी तपासत नाही.” त्या तपासणीच्या कागदाचे महत्त्व आम्हांला अठ्ठावीस वर्षांनी कळले.

१९९४ च्या जानेवारीत आप्पांची तुकडी लडाखमध्ये होती. रात्रीचा पहारा संपवून ते परत आले, बूट काढायला वाकले आणि तसेच खाली पडले. हातपाय झटकू लागले, दात घट्ट बसले. सोबतच्या जवानांना वाटले की थंडी भरली. शुद्धीवर आल्यावर आप्पांना काहीच आठवत नव्हते, फक्त जीभ चावल्यामुळे तोंडात रक्ताची चव होती. लष्करी इस्पितळात ते अनेक आठवडे राहिले. डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला. निदान झाले फेफऱ्याचे. फौजेतल्या डॉक्टरांच्या भाषेत ‘जनरलाइज्ड सीझर’. गोळ्या सुरू झाल्या. पुढे मैदानी भागात आल्यावरही दोनदा फिट आली. ज्याला केव्हाही फिट येऊ शकते त्याच्या हातात रायफल देता येत नाही, त्याला गाडी चालवू देता येत नाही, एकट्याला पहाऱ्यावर ठेवता येत नाही. मेडिकल बोर्ड बसले. वीस टक्के विकलांगता ठरली. १९९५ च्या मार्चमध्ये आप्पा एक काळी लोखंडी ट्रंक घेऊन घरी आले. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर, हुद्दा आणि नाव होते. वय अठ्ठावीस.

फौजेत साध्या जवानाला सेवा-पेन्शन मिळायला पंधरा वर्षांची नोकरी लागते. आजारपणामुळे घरी पाठवलेल्याला, आजार सेवेमुळे झालेला नसला तर, त्या काळी निदान दहा वर्षे भरावी लागत. आप्पांची नऊच वर्षे झाली होती. म्हणजे एकरकमी ग्रॅच्युइटी मिळाली की हिशेब संपला. विकलांगता पेन्शनला मात्र वर्षांची अट नाही. आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे वाढला आणि विकलांगता वीस टक्के किंवा अधिक असली, की पेन्शनचा हक्क लागतो. म्हणजे सगळे घोडे एका प्रश्नावर अडले होते. आजार आला कुठून?

गुरुजींनी अपील लिहून दिले. इंग्रजीत, दोन पाने. त्यात आप्पांच्या घराण्यात कुणाला हा आजार नाही, तीन लहान मुले आहेत, शेत अर्ध्या एकराचे आहे असे सगळे लिहिले. रजिस्टर पोस्टाने पाठवले. १९९८ साली उत्तर आले. त्यात तेच वाक्य होते, तोच शब्द. आप्पांनी दोन्ही पत्रे ट्रंकेत ठेवली आणि कुलूप लावले.

त्यानंतरची सोळा वर्षे आम्ही कशी काढली ते सविस्तर सांगत नाही. तशी वर्षे आपल्या पुष्कळ वाचकांनी काढलेली आहेत. आई अंगणवाडीत मदतनीस होती. लावणी-कापणीच्या दिवसांत मजुरीला जाई. आप्पांना विहिरीवर एकटे जायचे नाही, झाडावर चढायचे नाही, चुलीपुढे एकटे बसायचे नाही. नदीवर पोहणारा माणूस, पण अंघोळ ओटीच्या कडेला, दार नसलेल्या आडोशाला. त्यांनी छत्र्या दुरुस्त करायचे काम शिकून घेतले. मृगाच्या आधी महिनाभर आमच्या ओटीवर काळ्या छत्र्यांचा ढीग लागलेला असे. तारेला तार जोडणे, कापडाला टाका घालणे. हातातले काम करता करता फिट आली तरी त्यात जिवाला धोका नव्हता.

फिट आली की शेजारची माणसे धावत येत. कुणी कांदा हुंगवी, कुणी चप्पल नाकाशी धरी, कुणी दातांत चमचा घालायला बघे. लडाखच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी आप्पांना सांगितलेले आईने पाठ केले होते. ती सगळ्यांना बाजूला सारी. आप्पांना कुशीवर वळवी, मानेखाली घडी केलेले लुगडे ठेवी, गळ्याशी घट्ट असलेले बटण सोडी आणि घड्याळाकडे बघत बसे. तोंडात काही घालायचे नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, पाच मिनिटांच्या वर झटके चालले तर सरळ दवाखाना गाठायचा. अंगारा आणि देवऋषी आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत. गोळ्यांना मात्र पैसे लागत. सरकारी दवाखान्यात असतील तेव्हा मिळत, नसतील तेव्हा खेडच्या बाजारातून आणाव्या लागत. एकदा पैसे नव्हते म्हणून आठ दिवस गोळ्या चुकल्या आणि आप्पांना एका दिवसात तीनदा फिट आली. तेव्हापासून किराण्याच्या आधी गोळ्या, हा आईचा नियम झाला. त्या गोळ्यांनी त्यांच्या हिरड्या सुजत. म्हणून आप्पा हसायचे कमी झाले, की दुसऱ्या कशाने, हे आम्ही कधी विचारले नाही.

पैशाचे एक दुःख. त्या इंग्रजी शब्दाने दिलेले दुःख वेगळेच होते.

सरकारच्या व्याख्येप्रमाणे, आजारामुळे मुदतीपूर्वी बाहेर पडलेल्याला ‘माजी सैनिक’ म्हणवून घ्यायला वैद्यकीय किंवा विकलांगता पेन्शन मिळालेली असावी लागते. आप्पांना पेन्शन नाही. म्हणजे नऊ वर्षे फौजेत राहून आप्पा माजी सैनिक नव्हते. ओळखपत्र नाही, कँटीन नाही, मुलांच्या शिक्षणाची सवलत नाही. माजी सैनिकांसाठी २००३ साली औषधोपचाराची ई.सी.एच.एस. योजना सुरू झाली, तीही पेन्शनरांनाच. ज्या माणसाला औषधाची गरज होती त्यालाच त्या दारात उभे राहता येत नव्हते. २६ जानेवारीला शाळेत गावातल्या माजी सैनिकांना नारळ देत. आप्पा त्या दिवशी सकाळीच गुरे घेऊन रानाकडे जात. एकटे जाऊ नका म्हणून आई आमच्यापैकी एकाला पाठवी. त्यामुळे आमच्यापैकी एकाचे झेंडावंदन दरवर्षी बुडे.

आणि पत्रातली गोष्ट गावात फिरली. सरकारनेच लिहून दिले आहे की आजार मूळचा. मग मूळचा आजार लपवून लग्न केले, असा त्याचा अर्थ लोकांनी काढला. आमचे मामा एकदा भर पंगतीत म्हणाले, “आमची बहीण फसवली.” आई ताडकन उठून म्हणाली, “मला कुणी फसवलं नाही. लग्नात हे माझ्या पुढ्यात चार माणसांचं ओझं उचलत होते.” पण पंगतीतले बोलणे पंगतीत राहत नाही. २०१० साली ताईला स्थळ आले. पाहुणे चांगले होते, मुलगा कारखान्यात कामाला होता. बोलणी ठरत आली आणि त्यांच्याकडून निरोप आला, की घराण्यातला आजार आहे असे समजले, आम्हांला क्षमा करा. आप्पा ओटीवर छत्रीची काडी बसवत होते. ते एवढेच म्हणाले, “मी धडधाकट गेलो होतो.” मग दिवसभर बोलले नाहीत. ताईचे लग्न पुढे दोन वर्षांनी झाले. त्या घरी आम्ही पहिल्याच बैठकीत सगळे सांगून टाकले होते.

२०१४ च्या १४ एप्रिलला आमच्या विहारात जवळच्या गावचे एक निवृत्त सुभेदार पाहुणे म्हणून आले होते. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी कुणीतरी त्यांना आप्पांची हकिकत सांगितली. त्यांनी आप्पांना जवळ बोलावले.

“बोर्डाचे कागद पाहिलेस का रे कधी?”

“नाही काका. ते आपल्याला कुठं देतात?”

“आता देतात. माहितीच्या अधिकाराखाली माग. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लाव. सरकारनं काय कळवलं ते तुझ्याकडं आहे. बोर्डानं काय लिहिलं ते बघ.”

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल दिला होता. धरमवीर सिंग हे सिग्नल्समधले शिपाई. १९८५ ला भरती, १९९४ ला घरी. नऊ वर्षांची नोकरी, फेफऱ्याचा आजार, वीस टक्के विकलांगता. त्यांच्याही कागदावर तोच शब्द. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. नाव आणि गाव सोडले तर ती आमच्या आप्पांचीच गोष्ट होती.

आम्ही अर्ज केला. एका महिन्याच्या आत जाड पाकीट आले. भाऊ तोवर बी.कॉम. झाला होता, त्याला इंग्रजी वाचता येत होते. भरतीच्या वेळच्या तपासणीचा कागद त्यात होता, दोष असल्याची नोंद कुठेही नव्हती. मग बोर्डाचे कागद. त्यात छापील प्रश्न आहेत आणि पुढे उत्तर लिहायला जागा आहे. एक प्रश्न असा होता, की हा आजार नोकरीला लागण्यापूर्वी होता काय? त्यापुढे डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते, ‘नाही’. खालच्या रकान्यात सेवेशी संबंध नाही असे लिहून कारणाच्या जागी तो एकच शब्द होता, कॉन्स्टिट्यूशनल. बाकी जागा कोरी.

भावाने ते ‘नाही’ मोठ्याने वाचले. आप्पांनी कागद हातात घेतला. त्यांना इंग्रजी फारसे येत नाही, पण ‘नो’ ही दोन अक्षरे येतात. त्यावर बोट ठेवून ते बराच वेळ बसले. एकोणीस वर्षे ते जे म्हणत होते, तेच त्या कागदावर एकोणीस वर्षे लिहिलेले होते.

आता नियम काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्या घराघरांत माहीत असायला हवा. १९८२ साली केलेले पेन्शनच्या हक्काचे नियम म्हणतात, की भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही त्या बाबतीत सैनिक निरोगी होता असे धरून चालावे. पुढे प्रकृती बिघडून त्याला घरी पाठवावे लागले, तर ती सेवेमुळे बिघडली असे धरावे. सैनिकाने स्वतः पुरावा देण्याची गरज नाही. रास्त शंका असेल तर तिचा फायदा सैनिकाला द्यावा. आजार भरतीच्या तपासणीत सापडण्यासारखाच नव्हता, असे डॉक्टरांचे मत असेल तर ते मत मांडता येते, पण त्याची कारणे लिहावी लागतात. धरमवीर सिंगांच्या निकालात न्यायालयाने हेच सांगितले. कारणे लिहिलेली नाहीत, भरतीच्या वेळी नोंद नाही, मग हक्क नाकारता येत नाही.

पुन्हा एकदा तारखा पाहा. नियम १९८२ चा. आप्पांना नकार १९९६ साली. म्हणजे गुरुजी कंदिलापाशी डिक्शनरी चाळत होते तेव्हा नियम आमच्याच बाजूला उभा होता. आम्ही अपिलात गरिबी लिहिली, मुले लिहिली, अर्धा एकर लिहिला. कारणे दाखवा, हे दोन शब्द तेवढे लिहिले नाहीत. गुरुजींना दोष नाही. त्यांनी मनापासून लिहिले. पण आम्ही दया मागत राहिलो आणि मागायचा होता हिशेब.

जानेवारी २०१५ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे अर्ज दाखल केला. सैनिकांच्या नोकरी-पेन्शनच्या तक्रारींसाठी २००७ च्या कायद्याने हे न्यायाधिकरण झाले. त्याआधी अशा माणसाला उच्च न्यायालयातच जावे लागे. वकील सुभेदारकाकांच्या ओळखीचे. त्यांनी आधी कागद वाचले, मग फीचे बोलले, आणि बेताचेच बोलले. सरकारी बाजूचे म्हणणे होते की वीस वर्षे झाली, आता उशीर झाला. पेन्शन दरमहा द्यायची असते, ती न देणे ही दरमहा नव्याने होणारी चूक आहे, म्हणून उशिरामुळे हक्क बुडत नाही, असे आमच्या वकिलांनी मांडले. पण त्यालाही एक मेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली तरसेम सिंग यांच्या प्रकरणात म्हटले आहे, की अशा उशिरा आलेल्याला थकबाकी अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच द्यावी. वकिलांनी हे आम्हांला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले होते. जवळजवळ सतरा वर्षांचे पैसे परत येणार नव्हते.

सुनावणीला आम्ही आप्पांना घेऊन कोकण रेल्वेने मुंबईला जायचो. आप्पा इस्त्रीचा सदरा घालीत आणि खिशात गोळ्यांची पट्टी ठेवीत. चार तारखा झाल्या. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये हुकूम झाला. आजार सेवेमुळे झालेला धरावा, पेन्शन द्यावी, २०१२ पासूनची थकबाकी द्यावी. वीस टक्के विकलांगतेचे पन्नास टक्के धरले. सरकारच्याच नियमाने पन्नासच्या आतले टक्के पन्नास, पन्नास ते पंचाहत्तरपर्यंतचे पंचाहत्तर आणि त्यावरचे शंभर असे धरतात. प्रत्यक्ष पैसे खात्यात यायला २०१७ चा उन्हाळा उजाडला.

पहिला हप्ता आल्यावर आई म्हणाली, आधी घराचे कौल बदलू. आप्पा म्हणाले, आधी ओळखपत्र. आम्ही रत्नागिरीला गेलो. कार्डावर फोटो लागला, खाली ‘माजी सैनिक’ लिहिले. वय पन्नास. पुढे ई.सी.एच.एस.मधून मेंदूच्या डॉक्टरांनी तपासले, जुन्या गोळ्या बदलून दिल्या. आज आप्पांना फिट येऊन बरीच वर्षे झाली. २०१८ च्या २६ जानेवारीला शाळेतून नारळाचे बोलावणे आले. आप्पा गेले. नारळ घेतला, घरी आणला, आईने त्याची चटणी केली. त्या दिवशी आमच्यापैकी कुणीच रानात नव्हते.

मामांना हुकूम वाचून दाखवावा असे भावाच्या मनात होते. आईने नको म्हटले. पण मामाच एकदा आले, आप्पांशेजारी बसले, छत्रीची काडी धरून देऊ लागले. दोघांपैकी कुणी जुने काढले नाही. आम्हीही काढणार नव्हतो, पण हे सारे लिहायचे ठरल्यावर आप्पांना विचारले. ते म्हणाले, “लिहा. नाव घालू नका. कागद कसे मागायचे ते नीट लिहा.”

तेव्हा वाचक बंधू-भगिनींनो, आप्पांच्या सांगण्याप्रमाणे लिहितो. तुमच्या घरात, नात्यात, वस्तीत कुणी आजारामुळे फौजेतून लवकर परत आलेला असेल तर त्याला विचारा की बोर्डाचे कागद पाहिलेत का. नसतील तर रेकॉर्ड ऑफिसकडे मागा. भरतीच्या वेळची तपासणी, इस्पितळाचे कागद, बोर्डाची पूर्ण कार्यवाही आणि नकाराचे पत्र, ही चारही हवीत. कारणाचा रकाना वाचा. पेन्शन नसलेल्या सैनिकाची कागदपत्रे पंचवीस वर्षांनंतर नष्ट केली जातात, म्हणून थांबू नका. आम्ही आणखी सहा वर्षे उशीर केला असता तर ते ‘नाही’ जगात कुठेच उरले नसते. नकार आला असेल तर अपिलाची मुदत चुकवू नका. आमच्यासारखा उशीर झाला असेल तरी दार बंद झाले असे समजू नका, मात्र गेलेली वर्षे गेली हे धरून चला. सप्टेंबर २०२३ पासून बाहेर पडणाऱ्यांसाठी नवे नियम आहेत. त्याआधी बाहेर पडलेल्यांनी आपल्या वेळचे नियम कोणते ते जाणत्या माणसाकडून समजून घ्यावे. आणि हेही खरे, की प्रत्येकाला पेन्शन मिळतेच असे नाही. जिथे डॉक्टरांनी सकारण मत लिहिले आहे तिथे दावे फेटाळलेही गेले आहेत. पण कागद न पाहताच घरी बसू नये.

गुरुजी आता थकले आहेत. हुकूम आला तेव्हा आई तो घेऊन त्यांच्याकडे गेली होती. गुरुजींनी चष्मा पुसून सगळा वाचला. आईने विचारले, “गुरुजी, तो शब्द आहे का ह्याच्यात?” गुरुजी म्हणाले, “आहे. पण आता त्याच्यापुढं ‘कारण दिलेलं नाही’ असं लिहिलंय.”

आमच्या घरी ती काळी ट्रंक अजून आहे. १९९६ चे पत्र आप्पांनी फाडू दिले नाही. ते खाली आहे आणि हुकूम त्याच्यावर.